दुसरी चावी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा

आज मानवतला काही काम नव्हतं. तरी गेले. शंभुराजच्या दुकानासमोर गाडी हळू केली आणि तीनदा हॉर्न दिला. एरवी एकदाच देते. सण होता म्हणून तीन.

तो दुकानाच्या शटरला तोरण बांधत होता. मान वळवली नाही, पण कान लाल झाले. तीन वर्षं संसार केलाय त्याच्याशी, कान कधी लाल होतात ते मला माहीत आहे. घरी येईपर्यंत माझं मन खूश होतं.

सकाळी अप्पांनी दोन्ही गाड्या अंगणात ओळीनं लावल्या. माझी काळी बुलेट आणि त्यांची हिरवी सायकल. सायकल आता कुणी चालवत नाही. तरी दर दसऱ्याला चेनला तेल, आऱ्या पुसणं, झेंडूचा हार. लहानपणी मी तिच्यावरच शिकले, दांड्याखालून पाय घालून. आईनं बुलेटला हळदकुंकू लावलं, टाकीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, लिंबू ठेवलं. सायकलला अप्पांनीच लावलं. दर वर्षी असंच. का म्हणून विचारलं तर आई म्हणते, चेनच्या तेलानं हात काळे होतात. बुलेटच्या होत नाहीत वाटतं!

बुलेटवर मात्र आई आजवर बसलेली नाही. कंबर दुखते म्हणते.

गाडी ९३ हजार किलोमीटर चालली. तिची टाकी अजून आरशासारखी आहे. ती का, ते मला आणि ह्या वहीलाच माहीत. ती शंभुराजला जुनी दिसायला नको.

६ ऑक्टोबर, सोमवार

चारठाण्याला धुरपताबाईची म्हैस माजावर आली होती, म्हणून सकाळीच गेले. पावसानं रस्त्याची पार वाट लावलीय. मागं बांधलेलं कृत्रिम रेतनाचं नळकांडं खडखड करत होतं. गावात लोक आधी गाडीकडं बघतात, मग नळकांड्याकडं, मग माझ्याकडं. म्हशीला इंजेक्शन द्यायला बाई, तीबी बुलेटवर! सात वर्षं झाली मला हे काम करून. अजून बघतातच.

काम झालं. चहा ठेवला तिनं. बोलता बोलता म्हणाली, भावाच्या पोरीचं लगीन ठरलं. भक्ती नाव. बी.एस्सी. झालीय. तीस नोव्हेंबरला, इथंच चारठाण्यात. मुलगा मानवतचा, खताचं दुकान, दोघं भाऊ. धाकटा हरिओम.

म्हणजे शंभुराजचा भाऊ. तिला माझं सासर ठाऊक नाही. मी पण सांगितलं नाही.

"लय चांगली माणसं हायेत," म्हणाली. "एक शब्द मागितला न्हाई त्यांनी."

माझ्या वेळीही मागितलं नव्हतं. ते आधी मागत नाहीत. ते ताटावर मागतात.

७ ऑक्टोबर

रात्रभर डोक्यात तेच. लिहून टाकते, म्हणजे निघेल.

११ मे २०१४. अक्षता पडल्या, पंगत बसली. नवरदेवाच्या ताटाभोवती रांगोळी, शेजारी मी. नवरदेवानं रुसायचं आणि सासऱ्यानं रुसवा काढायचा, ही रीतच. एखादी अंगठी, एखादं घड्याळ. सगळे हसतात आणि घास उचलला जातो. शंभुराज रुसला तो दोन तास. हात मांडीवर, नजर ताटात. त्याच्या मित्रांनी अप्पांना सांगितलं — बुलेट. काळी. ती नव्यानं निघालेली, जुन्या घाटाची, गोल दिव्याची, सोनेरी रेघांची. वऱ्हाड उपाशी, भात गार, माझे मामा इकडून तिकडं पळायलेत. शेवटी अप्पांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि त्याच्या पायावर ठेवला. आणतो म्हणाले. तेव्हा त्यानं जिलबी मोडली. चावून चावून खाल्ली.

तो फेटा अप्पांनी पुन्हा कधी बांधला नाही.

आठ दिवसांत गाडी आली. कागद अप्पांच्या नावावर. तिथंच ते लोक चुकले! रुसव्यात मिळालेल्या वस्तूचे कागद मागायला जायचं नसतं. मागायला गेलं की ती भेट राहत नाही, हुंडा होतो. त्यांना तर चारचौघांत "आमी काई घेतलं न्हाई" म्हणायचं होतं. मग तीन वर्षं गाडी तशीच चालवली. दुकानदारानं चाव्या दोन दिल्या होत्या. एक शंभुराजकडं गेली. दुसरी अप्पांच्या खुंटीला राहिली, कुणाच्या लक्षातही आली नाही.

२०१७ च्या पोळ्याला त्यानं मला त्याच गाडीवर बसवून सेलूला आणलं. बसस्टँडवर उतरवलं. पिशवी हातात दिली. चार दिवस राहा, न्यायला येतो. गाडी वळवली आणि गेला. मी चार महिने वाट बघितली. नंतर निरोप आला की रुद्राणीला संसार जमत नाही, पाठवू नका.

मग मी गेले. खुंटीवरची चावी घेतली, कागद घेतले, मेकॅनिक सिद्धोधनला सोबत घेतलं. भरदुपारी त्याच्या दुकानापुढून गाडी काढली. मला सायकलच येत होती! सिद्धोधननं चार गोष्टी सांगितल्या आणि मानवत ते सेलू मी दुसऱ्या गिअरमध्येच आणली. इंजिन तापून लाल, पण थांबले नाही. शंभुराज दारात उभा राहून नुसता बघत होता. कागदच नव्हते, बोलणार काय?

नंतर कोर्टात सगळं मोकळं झालं. त्यानं दुसरी केली. गाडी माझ्या नावावर झाली, त्याच्याकडची पहिली चावीही परत मिळाली.

एवढंच. पण फेटा काही परत डोक्यावर आला नाही.

१२ ऑक्टोबर

क्लच प्लेटा बदलायला झाल्या. ह्या तिसऱ्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सिद्धोधनच्या गॅरेजवर दिवस गेला. तो गाडीला म्हातारीचं सोंग घेतलेली पोरगी म्हणतो. वरून आजोबाच्या काळातली, आतून नवी. आता आतूनही म्हातारी व्हायलीय, म्हणाला. मी म्हटलं, तोंड सांभाळ.

प्लेटा बदलता बदलता त्यानं एक सांगितलं. मानवतच्या पोरांचं टोळकं परवा टायर बघायला आलं होतं. हरिओमचे मित्र. आपसात बोलत होते की मोठ्याची बुलेट बाईनं नेली, आता धाकटा नवी आणणार. नवरीचा बाप लय साधा आहे. ताटावर बसला की फक्त दीड तास दम धरायचा.

ऐकलं आणि अंगाला आग लागली. दम धरायचा! अकरा वर्षांनी पुन्हा तेच, तशीच गाडी, तेच ताट.

सिद्धोधन पाना खाली ठेवून म्हणाला, "ताई, पोरीच्या बापाला आदीच सांगून टाका की."

बरोबर होतं त्याचं. पण मला तसं करायचं नव्हतं. आधी सांगितलं तर तो बाप लग्नाआधी विचारेल, हे लोक नाही म्हणतील, हात जोडतील, गोड बोलतील. ताटावर कुणी रुसणार नाही. मग मी काय करू? पुन्हा दुकानासमोर हॉर्न वाजवत बसू?

मला ताटच पाहिजे. दोन्ही गावचं वऱ्हाड बसलेलं पाहिजे. शंभुराज वाढायला वाकलेला पाहिजे.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

ठरलं. तीस तारखेला मी गाडी घेऊन मांडवात जाणार. हरिओम रुसला की ताटात चावी ठेवणार. ही घे, तुझ्या दादानं हिच्यासाठीच घास अडवला होता. एवढंच बोलायचं. जास्त बोललं की रडू येतं, आणि मला तिथं रडायचं नाही.

चावी दुसरी ठेवायची. पहिलीनं घरी यायचं.

२३ ऑक्टोबर

आईला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही. फक्त विचारलं — पोरगी कशी आहे दिसायला?

मला काय माहीत? मी बघितलीच नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

क्रोमला गंज धरलाय सायलेन्सरच्या बुडाशी. चिंच आणि राख लावून घासलं. निघाला. मागच्या चाकाची चेन नवी टाकली. हँडलच्या रबरी मुठी बदलल्या. सीटचं कव्हर उसवलं होतं, ते मीच शिवलं. लग्नाला जायचंय तिला.

गाडी धुतली की आई हात पुसत दारात येते, बघते आणि आत जाते. आजही तसंच.

९ नोव्हेंबर, रविवार

चारठाण्याला पुन्हा गेले. धुरपताबाईची म्हैस गाभण राहिली की नाही ते बघायचं निमित्त. खरं तर एवढ्यात कळत नाही, तिलाही माहीत आहे. पण चहा ठेवला.

भक्ती तिथंच होती. आत्याकडं लाडू बांधायला आलेली. उंच, सावळी, बोलायला धीट. गाडी बघून बाहेरच आली. टाकीवर हात फिरवला. किती मायलेज देते, किक कडक आहे का, साडी नेसून चालवता का तुमी? मी म्हटलं चालवते, निऱ्या वर खोचायच्या. हसली. म्हणाली, "मलाबी शिकायची हाय. लगीन झालं की ह्यांना म्हणणार, शिकवा."

माझ्या तोंडात शब्द आला होता. भक्ती, ते लोक— एवढाच. चहाच्या घोटाबरोबर गिळला.

तिचे वडील दत्तराव पण आले. साधा माणूस, खरंच. शर्टाच्या खिशात लग्नपत्रिका. मला एक दिली. ताई, नक्की या, म्हणाले. गाडीवर या, आमच्या पोरीला लय आवडली.

पत्रिका घेतली. आमंत्रण मिळालं, आता कुणी मला बिनबोलावलेली म्हणणार नाही. येताना स्वतःलाच शाबासकी दिली. आता लिहिताना बरं वाटत नाही. पण ठरलंय ते ठरलंय.

१० नोव्हेंबर

आईनं विचारलं, पोरगी कशी आहे? मी म्हटलं, चांगली आहे. तिला सांगितलंस का? मी म्हटलं, नाही. आईनं मग सूप उचललं आणि ओट्यावर गेली. दिवसभर तिथंच पाखडत होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अप्पांना कसं कळलं कोण जाणे. आईनं सांगितलं नसणार. सिद्धोधन असेल.

मला वाटलं रागावतील. ते घरात गेले आणि पेटीतून फेटा काढला. अकरा वर्षं घडी घातलेला. घडीच्या रेघांवर रंग उडालाय. माझ्या हातात दिला, म्हणाले, "गाडीच्या दिव्याला बांधून ने. माझ्या डोक्यावर न्हाई बसणार तो आता. पण त्या शंभुराजला बघू दे."

एकाहत्तर वर्षांचा माणूस. शंभुराजचे कान लाल झालेले डोळ्यांपुढं आले. आता मी माघार घेतली तर अप्पांना तोंड दाखवता येणार नाही.

आई चुलीपाशी होती. ऐकत होती. भाकरी करपली तिची — आईची भाकरी करपलेली मी कधी बघितली नव्हती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

टाकी फुल. हवा बघितली. दुसरी चावी पुसून ठेवली.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

झालं.

क्रमानं लिहिते. साडेअकराला निघाले. निऱ्या खोचल्या, फेटा दिव्याभोवती बांधला. आई दारात आली नाही. अप्पा कोपऱ्यापर्यंत पायी आले.

पोचले तेव्हा अक्षता होऊन गेल्या होत्या. मांडव देवळाजवळच्या पटांगणात. मी गाडी मांडवाच्या मागं लावली आणि बायकांत बसले. मानवतकडच्या कुणी ओळखलं नाही. पंगत बसली. हरिओमच्या ताटाभोवती रांगोळी, मोरांची. शेजारी भक्ती, बाशिंग बांधलेली, मान खाली.

त्यानं हात मांडीवर ठेवला.

सगळे हसले. दत्तरावांनी अंगठी दिली. हात हलला नाही. घड्याळ दिलं. नाही. मग मित्र दत्तरावांच्या कानाशी गेले. मी बघत होते. त्यांचं तोंड उतरलं, नंतर ते हसायचा प्रयत्न करायला लागले. अगदी अप्पांसारखं. शंभुराज जिलबीचं घमेलं धरून उभा होता. तो पण हसत होता.

पाऊण तास मी थांबले. लिहायला लाज वाटते, पण थांबले. अजून थोडं होऊ दे, अजून लोक बघू देत.

मग उठले. गाडी काढली, किक मारली. पहिल्या किकेत सुरू! पंगतीच्या टोकापर्यंत आणली, बंद केली. फेटा बांधलेला दिवा शंभुराजच्या तोंडासमोर. मी चालत गेले आणि चावी हरिओमच्या ताटात ठेवली, वरणभातावर.

"ही घे," म्हटलं. "तुझ्या दादानं हिच्यासाठीच घास अडवला होता. अकरा वर्षांत एकदा बंद पडली नाही. तुलाही होईल."

शंभुराजच्या हातातलं घमेलं खाली टेकलं. कान नाही, सगळं तोंड लाल. मी एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते अगदी तसंच झालं. कुणीतरी म्हातारं मागून म्हणालं, खरं बोलली पोरगी. बायकांत कुजबुज. हरिओमनं मान खाली घातली, ताटाच्या कडेचा भात उचलला आणि तोंडात घातला. कुणी न सांगता.

मी जिंकले होते.

मग दत्तराव पुढं आले. ताटातली चावी उचलली, उपरण्यानं वरण पुसलं आणि माझ्या हातात दिली. हळूच बोलले, दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल.

"ताई, तुमाला हे आदीपासून ठाऊक होतं?"

मी मान हलवली.

"मग माझ्या बहिणीकडं चहा प्यायला होता तवा सांगायचं होतं," म्हणाले. "आता अक्षता पडल्या. पोरीला तिथंच जायचंय." आणि हात जोडले. "जावा आता."

भक्तीनं बाशिंगाच्या मुंडावळ्या बाजूला करून माझ्याकडं बघितलं. फक्त बघितलं.

धुरपताबाईचा नंतर फोन आला. बुलेटचं नाव कुणी काढलं नाही म्हणाली. पोरगी सासरच्या वाटं लागली. पुढं तिनं काही बोलायच्या आत मी ठेवला.

घरी अप्पांनी तीनदा सांगायला लावलं. घमेलं टेकलं ते तर चारदा. डोळ्यांतून पाणी. फेटा दिव्यावरून सोडला, डोक्याला बांधला, आरशात बघितलं. दत्तरावांचं मी त्यांना सांगितलं नाही.

आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दिवा लावायला गेली.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी अंगण झाडता झाडता आई सायकलपाशी थांबली. आज पहिल्यांदाच तिनं सीटवर हात ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या मांडवात कुणी आलं न्हाई गं चावी घेऊन."

मला आधी कळलंच नाही.

"हिच्यासाठी," म्हणाली. "दोन तास हात मांडीवर. माझ्या बापानं दुभती म्हैस विकली तवा तुझ्या अप्पानं लाडू मोडला."

अप्पा ओट्यावर होते. डोक्याला फेटा. ऐकलं त्यांनी. नेहमीसारखे फडकं घेऊन गाड्या पुसायला आले होते, तिथंच उभे राहिले.

आई झाडत झाडत दारापर्यंत गेली. मग झाडू ठेवून म्हणाली, चारठाण्याला चल. त्या पोरीच्या आईबापाला भेटायचंय. निऱ्या वर खोचल्या, आणि बुलेटवर माझ्या मागं बसली.